फॉल्ट ९८ मीटरवर की १४० मीटरवर? वेल टेस्ट आणि सायस्मिक एकत्र कसे वाचतात

पावसाळ्याआधी नाल्यांचा नकाशा समोर पसरला, तर मुंबईतला कुठला नाला कुठून निघून कुठे जातो ते दिसतं. तो तुंबलाय की नाही हे मात्र नकाशा सांगत नाही, ते पहिल्या मोठ्या सरीत कळतं. उलट गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला पाणी ओसरत नाहीये एवढं पक्कं कळतं, पण अडलंय नेमकं कुठल्या बाजूला ते त्याला तिथून दिसत नाही. समुद्राखालच्या तेलसाठ्याचा अभ्यास करणाऱ्यांची अडचण याच जातीची आहे. सायस्मिक, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून काढलेलं खडकांचं चित्र, हा तो नकाशा आणि वेल टेस्ट, म्हणजे तेलविहीर वाहू देऊन, मग बंद करून दाब मोजणं, हा पाण्यात उभा असलेला माणूस.

मुंबईकरांना या विषयाचं अंगण लांब नाही. शहराच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय आहे. १९७४ साली 'सागर सम्राट' रिगने तिथे तेल शोधलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. आजही जुहूहून हेलिकॉप्टर माणसं घेऊन जातात आणि तेल समुद्रतळावरच्या पाइपलाइनने उरणला येतं. तिथला मुख्य साठा चुनखडीत आहे, समुद्रतळाखाली साधारण सव्वा ते दीड किलोमीटरच्या आसपास. तेलाचं 'तळं' वगैरे काही नसतं. खडकाच्या बारीक छिद्रांत तेल, वायू आणि पाणी भरलेलं असतं. चुनखडीचे थर आणि त्यांच्या मधेमधे शेलचे, म्हणजे घट्ट चिकणमातीच्या खडकाचे, पट्टे अशी ती रचना आहे. कुठे छिद्रं भरपूर पण एकमेकांना जोडलेली नाहीत, कुठे छिद्रं कमी पण भेगांमुळे तेल धावतं. त्यामुळे नुसता आकार कळून भागत नाही.

सायस्मिक सर्व्हेत जहाजामागे ओढलेल्या एअरगन दाबाखालची हवा पाण्यात एकदम सोडतात. तिचा आवाज पाण्यातून खडकात शिरतो, दोन वेगळ्या खडकांच्या सीमेवर थोडा परावर्तित होतो आणि जहाजामागच्या काही किलोमीटर लांब केबलमधले हायड्रोफोन तो टिपतात. जिथे प्लॅटफॉर्मची गर्दी असते तिथे एवढ्या लांब केबल ओढणं धोक्याचं, म्हणून मग समुद्रतळावरच केबल किंवा नोड, म्हणजे आवाज टिपणारे सुटे डबे, ठेवतात. प्रक्रिया झाल्यावर हातात येतो एक त्रिमितीय ठोकळा. त्याचे दोन अक्ष जमिनीवरचे असतात, तिसरा मात्र खोली नसून वेळ असते, आवाज जाऊन परत यायला लागलेली. सगळ्या गोंधळाचं मूळ बऱ्याचदा या तिसऱ्या अक्षातच सापडतं. वेळेची खोली करायला खडकातला आवाजाचा वेग लागतो आणि तो वेग १ टक्का चुकला, तर १,३५० मीटर खोलीवर साडेतेरा मीटरची चूक होते. वर कुठे उथळ वायू अडकलेला असेल तर आवाज तिथे मंदावतो आणि खालचा सपाट थरही खळगा पडल्यासारखा दिसतो. असा 'खळगा' पाहून नकाशात दरी काढली गेल्याची उदाहरणं या धंद्यात काही दुर्मिळ नाहीत.

दुसरी मर्यादा बारकाव्याची. थराचा माथा आणि तळ वेगवेगळे दिसायचे असतील, तर थराची जाडी लहरीच्या लांबीच्या साधारण चौथाईएवढी तरी हवी. चुनखडीत वेग सेकंदाला ३,६०० मीटर आणि लहरीची वारंवारता ३० हर्ट्झ धरली, तर लांबी १२० मीटर आणि तिचा चौथा हिस्सा ३० मीटर. म्हणजे १५ मीटरचा थर सायस्मिकला एकच फुगवटा म्हणून दिसतो. परावर्तनाच्या जोरावरून त्याची जाडी ताडता येते, पण तो जोर सच्छिद्रतेनेही बदलतो. त्यामुळे जाडी वाढली की छिद्रं वाढली, हे एकट्या सायस्मिकवरून ठरत नाही. फॉल्ट, म्हणजे खडकाचे दोन तुकडे एकमेकांवरून सरकलेली भेग. तिथली घसरण आठ-दहा मीटरचीच असेल, तर ती बहुतेक वेळा दिसतच नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, खडकातून तेल किती सहज वाहतं ते सायस्मिकला कळत नाही. या गुणाला पार्यता म्हणतात. ती मिलिडार्सीत मोजतात. आवाज खडकाचा ताठपणा आणि घनता ओळखतो, छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत का ते त्याला कसं कळणार?

ते विहिरीला कळतं. वेल टेस्टची कल्पना साधी आहे. विहीर ठरावीक दराने वाहू द्यायची, मग बंद करायची आणि खालचा दाब कसा वर येतो ते सेकंदासेकंदाला टिपायचं. क्रम साधारण असा असतो. आधी विहीर साफ होईपर्यंत, म्हणजे ड्रिलिंगचा चिखल आणि पाणी बाहेर पडेपर्यंत, वाहू देतात. मग थोडा वेळ बंद करून सुरुवातीचा दाब घेतात. मग चोकचं, म्हणजे प्रवाह आवळणाऱ्या तोटीचं, एक माप पकडून मुख्य प्रवाह, आणि शेवटी त्याहून दीड-दोनपट वेळ विहीर बंद. वर टेस्ट सेपरेटरमध्ये तेल, वायू, पाणी वेगळं करून मोजतात. खाली क्वार्ट्झ गेज पीएसआयच्या (हे दाबाचं एकक) शंभराव्या भागापर्यंत दाब वाचतो. विहिरीचा व्हॉल्व्ह वर बंद केला तर खालचा शेकडो मीटरचा पाइप आधी भरत राहतो आणि पहिले कित्येक तास खडकाचा दाब न दिसता पाइपचाच दिसतो. याला वेलबोअर स्टोरेज म्हणतात. म्हणून शक्य तिथे व्हॉल्व्ह खालीच, गेजजवळ, बंद करतात. त्याचा खर्च ज्यांना अनावश्यक वाटतो, त्यांनी पुढचं उदाहरण वाचावं.

समजा एक विहीर आहे. सगळे आकडे गृहीत धरलेले, पण अशा खडकात शोभतील असे. दर रोजचा १,००० बॅरल. तेल जमिनीखाली वायू विरघळल्यामुळे थोडं फुगलेलं, तिथलं आकारमान वरच्या १.३ पट. चिकटपणा ०.८ सेंटीपॉइज. सच्छिद्रता २० टक्के. खडक, तेल आणि पाणी मिळून दाबाने आक्रसण्याचं प्रमाण दर पीएसआयला १५ दशलक्षांश. लॉगवरून, म्हणजे विहिरीत उपकरणं सोडून घेतलेल्या नोंदींवरून, थराची जाडी ५० फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर.

दाब उभ्या अक्षावर आणि वेळ लॉगरिथमच्या आडव्या अक्षावर मांडली, की मधल्या काळात एक सरळ रेष येते. आपल्या विहिरीत तिचा चढ वेळेच्या दर दसपटीला २० पीएसआय आला. सूत्र सांगतं: पार्यता गुणिले जाडी म्हणजे १६२.६ गुणिले दर, फुगवटा आणि चिकटपणा, भागिले चढ. उत्तर सुमारे ८,४५० मिलिडार्सी-फूट. हा आकडा टेस्टने दिला आणि तो चांगला विश्वासार्ह आहे. पण तो गुणाकार आहे. ५० फूट जाडीने भागलं तर १६९ मिलिडार्सी, आणि खरोखर वाहणारा थर २५ फूटच असेल तर ३३८. दोन्हीत टेस्टची रेष तंतोतंत तीच राहील.

त्याच रेषेवरून स्किनही कळतो, म्हणजे विहिरीला लागूनचा खडक किती बुजलाय ते. स्किन १० निघाला तर ०.८७ गुणिले २० गुणिले १०, म्हणजे १७४ पीएसआय दाब तिथेच फुकट जातोय. चुनखडीत त्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाची धुलाई हा नेहमीचा उपाय. पण स्किन नेहमी चिखलामुळेच असतो असं नाही. थराचा अर्धाच भाग छिद्रं पाडून उघडलेला असेल तरी स्किन वाढतो, आणि तिथे आम्ल ओतून काही होत नाही.

१९८० च्या दशकापासून सगळे जण सरळ रेषेऐवजी डेरिव्हेटिव्ह पाहतात, म्हणजे त्या चढाचाच आलेख, दोन्ही अक्ष लॉगरिथमिक. तो सपाट असेल तर तेल चारही बाजूंनी विहिरीकडे येतंय. आपल्या विहिरीत ही सपाट पातळी ८.७ पीएसआय. सुरुवातीला ४५ अंशात चढला तर तो स्टोरेज. अर्ध्या चढाने वर गेला तर तेल चिंचोळ्या पट्ट्यातून, दोन समांतर भिंतींमधून येतंय. शेवटी खाली कोसळला तर बाहेरून दाबाला आधार आहे, वर वायूची टोपी किंवा शेजारी मोठं पाणी. आणि सपाट पातळी दुप्पट होऊ लागली, तर एका बाजूला बंद भिंत आहे, म्हणजे तेल अडवणारा फॉल्ट.

आपल्या विहिरीत तसंच झालं असं धरू. दाबाच्या आलेखावर आधी २० चढाची आणि मग दुप्पट चढाची अशा दोन सरळ रेषा आल्या आणि त्यांचा छेद १० तासांवर आला. सूत्रात घातलं तर फॉल्टचं अंतर ३२३ फूट, सुमारे ९८ मीटर. पण आलेख १० तासांवर एकदम उडी मारत नाही. दोन तासांच्या सुमारास डेरिव्हेटिव्ह जेमतेम मान वर काढतो, साडेपाच तासांवर १.४ पटीच्या जरा खाली असतो आणि २४ तासांनीही जेमतेम १.८ पट होतो. पूर्ण दुप्पट व्हायला कित्येक दिवस लागतात. आता स्टोरेज आठ तास चालला असता तर? वळण सुरू झालेलं कळलंच नसतं. विश्लेषकाने वर चढलेल्या पातळीलाच खरी सपाट पातळी मानलं असतं आणि पार्यता कितीतरी कमी काढली असती. खालच्या व्हॉल्व्हचे पैसे वाचवून ही चूक विकत घेतली असती.

इथे आणखी एक ठेच हमखास लागते. पाहणीचा घेर नावाची एक गोष्ट असते, दाबाची लाट किती लांब पोचली ते सांगणारी. आपल्या आकड्यांनी २४ तासांत ती ४०७ मीटर जाते. म्हणून ४०० मीटरवरचा फॉल्ट २४ तासांत दिसेल असं रिपोर्टात लिहिलेलं आढळतं. दिसणार नाही. लाट फॉल्टपर्यंत जाऊन परत यायला हवी आणि अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. ४०० मीटरच्या फॉल्टवरून लाट परत यायलाच जवळजवळ चार दिवस हवेत.

आता टेस्टला ९८ मीटर कळलं, दिशा कळली नाही. नकाशावर विहिरीभोवती ९८ मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. फॉल्ट त्या वर्तुळाला कुठेतरी स्पर्श करतो, एवढीच टेस्टची साक्ष. सायस्मिकच्या नकाशावर समजा तीन फॉल्ट आहेत: पूर्वेला १४० मीटरवर एक, ईशान्येला ४०० वर एक, दक्षिणेला ६०० वर एक. उमेदवार उघड आहे. पण ९८ आणि १४० जुळत नाहीत.

इथे दोन वाटा फुटतात. पहिली सोपी. सायस्मिकमध्ये फॉल्टची जागा पंचवीस-तीस मीटर इकडे-तिकडे होतेच, म्हणून रेष सरकवून ९८ वर आणायची, कळफलकावर दोन मिनिटांचं काम. दुसरी वाट म्हणजे हा फरक का पडला ते विचारायचं. कामाची माहिती बहुधा या फरकातच असते. जिथे दोन्ही साधनं आपोआप जुळतात, तिथून नवीन काही हाती लागत नाही.

विचारू या. फॉल्टचं अंतर पार्यता भागिले सच्छिद्रता, चिकटपणा आणि आक्रसण, यांच्या वर्गमुळावर अवलंबून आहे. चिकटपणा चुकला असेल का? असला तरी फरक पडत नाही, कारण चढावरून पार्यता काढतानाच तो गुणला जातो आणि अंतरात पुन्हा भागला जातो. गणिताची ही छोटीशी मेहरबानी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आक्रसणाचा आकडा निम्मा असेल तर अंतर १३९ मीटर होईल. पण तेलात वायू विरघळलेला असताना ७.५ दशलक्षांश हा आकडा फारच कमी वाटतो, तो पटवून द्यावा लागेल. सच्छिद्रता २० ची १० टक्के? विहिरीत लॉग आहेत, तिथे एवढी मोठी चूक कठीण. राहिली जाडी. वाहणारी जाडी ५० ऐवजी २५ फूट असेल तर पार्यता ३३८ होते आणि अंतर थेट १३९ मीटर. सायस्मिकचा १४० चा आकडा सांगतोय की १५ मीटरच्या थरातला अर्धाच भाग वाहतोय. हा निष्कर्ष एकट्या टेस्टवरून निघाला नसता आणि एकट्या सायस्मिकवरून तर मुळीच नाही.

निष्कर्ष काढून थांबायचं नाही, तपासायचा. विहिरीत स्पिनर असलेलं प्रॉडक्शन लॉगिंगचं साधन सोडलं, की छोटा पंखा कुठल्या खोलीवर किती फिरतो त्यावरून कुठला भाग खरोखर वाहतोय ते कळतं. खालचे २५ फूट गप्प असतील तर दोन शक्यता. तिथला खडक घट्ट आहे, किंवा मधल्या शेलच्या पट्ट्याखालचा भाग चिखलाने बुजलाय. पहिल्यात करण्यासारखं काही नाही, दुसऱ्यात आम्लाची धुलाई फायद्याची. आणि स्पिनर सगळीकडे सारखा फिरला, तर संशय परत सायस्मिककडे किंवा आक्रसणाकडे वळवायचा.

मधे एक कडी राहिली. 'विहिरीपासून' म्हणजे नक्की कुठून? प्लॅटफॉर्मवरून विहिरी तिरप्या खोदतात. तोंड प्लॅटफॉर्मवर आणि साठ्यातला बिंदू कित्येकदा किलोमीटरहूनही लांब. त्या बिंदूची जागा विहिरीच्या वळणाच्या मोजणीवरून काढतात आणि तिच्यातही काही मीटर ते काही दशक मीटर इतकी चूक असू शकते. म्हणून १४० या आकड्यापुढे 'अधिक-उणे ३०' लिहायला कधी विसरू नये. ९८ आणि १२५ असा फरक असता, तर एवढं पुराण रचण्याचं कारणच नव्हतं.

सायस्मिक आणि विहीर जोडण्याचं मूळ काम या सगळ्याच्या आधी होतं. सोनिक, म्हणजे खडकातल्या आवाजाच्या वेगाच्या, आणि घनतेच्या लॉगवरून त्या विहिरीत सायस्मिक कसं दिसायला हवं याचा कृत्रिम आलेख तयार करतात आणि तो खऱ्या सायस्मिकशेजारी ठेवून कुठलं परावर्तन कुठल्या थराचं ते ठरवतात. वेग पक्का करायला चेकशॉट किंवा व्हीएसपी, म्हणजे आवाज वर आणि रिसीव्हर विहिरीत. हे नीट केलं नाही, तर टेस्ट एका थराची आणि सायस्मिकवर आखलेला फॉल्ट दुसऱ्याच थरातला, असं होतं. दोन्ही आकडे बरोबर, जुळणी मात्र निरर्थक. परावर्तनाचं धन-ऋण चिन्ह उलट धरण्याची चूकही याच टप्प्यावर होते, आणि मग चुनखडीचा माथा म्हणून तिचा तळ आखला जातो.

टेस्टला भिंत जाणवली आणि सायस्मिकवर कोरी पाटी, असंही होतं. बहुधा तिथे सायस्मिकच्या नजरेत न येणारा बारका फॉल्ट असतो, किंवा फॉल्टच नसून चुनखडीचं शेलमध्ये होणारं संक्रमण. मग त्या वर्तुळावर सायस्मिकचे इतर गुण तपासतात: शेजारशेजारच्या ट्रेसमधलं, म्हणजे एकेका जागेच्या आवाजाच्या नोंदीतलं, साम्य कुठे तुटतं, थर कुठे जास्त वाकतो. पुसटशी रेष वर्तुळाला टेकलेली सापडली तर ती उचलायची. नाही सापडली तर फॉल्ट साठ्याच्या संगणकी मॉडेलमध्ये ठेवायचा, पण दिशा अनिश्चित म्हणून तीन-चार पर्यायांसह. उलटंही घडतं. सायस्मिकवर ठसठशीत फॉल्ट आणि टेस्टमध्ये काहीच नाही. टेस्ट पुरेशी लांब चालली असेल, तर त्याचा सरळ अर्थ असा की तो फॉल्ट तेल अडवत नाही. घसरण थराच्या जाडीपेक्षा कमी असेल तर फॉल्टच्या दोन्ही बाजूंना तोच थर स्वतःशीच टेकलेला राहतो आणि तेल आरपार जातं. फॉल्ट अर्धवट गळका असेल, तर डेरिव्हेटिव्ह वर चढून पुन्हा मूळ पातळीवर येतो. तोही आकार ओळखता येतो, फक्त टेस्ट लांब हवी.

अडवतो की नाही, यावर पैसे अवलंबून असतात. मुंबई हायसारख्या जुन्या क्षेत्रात दाब टिकवायला साठ्यात समुद्राचं पाणी भरतात. पाण्याची विहीर फॉल्टच्या एका बाजूला आणि तेलाची दुसऱ्या बाजूला असली, आणि फॉल्ट बंद निघाला, तर एकीकडे दाब फुगत राहतो आणि दुसरीकडे विहीर उपाशी. अशा जोडीसाठी एक विहीर चालू-बंद करून शेजारच्या विहिरीत तिचा धक्का पोचतो का ते पाहणारी इंटरफिअरन्स टेस्ट करतात. सायस्मिकवर फॉल्ट आणि धक्का व्यवस्थित पोचला, तर तो फॉल्ट नकाशावर असू द्यावा, मॉडेलमध्ये मात्र उघडा ठेवावा.

चुनखडीत आणखी एक तुलना फार उपयोगी पडते. विहिरीतून काढलेल्या कोअरच्या, म्हणजे खडकाच्या दांड्याच्या, तुकड्यांवर प्रयोगशाळेत पार्यता मोजली आणि ती सरासरी ४० मिलिडार्सी आली. ५० फुटांना गुणून २,००० मिलिडार्सी-फूट. टेस्ट म्हणते ८,४५०. चौपटीहून जास्त. बोटभर कोअरच्या तुकड्यात भेगा आणि मोठ्या पोकळ्या येत नाहीत, टेस्ट मात्र शेकडो मीटर खडक एकदम तपासते. मग इथे भेगांचं जाळं असावं. सपाट पातळीआधी डेरिव्हेटिव्हला खळगा पडला असेल, तर आधी भेगांतलं तेल आणि मग खडकातलं, असा दुहेरी प्रवाह दिसतोय असा अंदाज. पण वेगवेगळ्या थरांतल्या प्रवाहामुळेही तसाच खळगा पडतो. निवाडा सायस्मिकवर: विहिरीच्या आसपास थर वाकलेला आहे का, भेगांच्या दिशेनुसार आवाजाचा वेग बदलतो का? सायस्मिकच्या इम्पिडन्सवरून, म्हणजे घनता गुणिले वेग, सच्छिद्रतेचा नकाशाही करतात. त्यावरून थेट पार्यता काढण्याचा मोह टाळावा. चुनखडीत सच्छिद्रता सारखी असताना पार्यता शंभरपट वेगळी असू शकते. विहिरींवरच्या टेस्टच्या गुणाकाराशी बांधूनच तो नकाशा वापरावा.

साठ्याच्या आकारावरूनही दोघांचं भांडण होतं आणि ते सगळ्यात महाग पडतं. दुसरी एक विहीर घ्या. सायस्मिकच्या नकाशावर २ चौरस किलोमीटरचा उंचवटा, १५ मीटर जाडी, २० टक्के सच्छिद्रता. छिद्रांचं आकारमान सुमारे ३.८ कोटी बॅरल. दोन दिवस रोज १,००० बॅरल वाहू दिलं, म्हणजे खालचे २,६०० बॅरल निघाले. विहीर बंद करून बराच काळ थांबलं, तर दाब मूळ पातळीपेक्षा ४० पीएसआय खालीच राहिला. २,६०० ला १५ दशलक्षांश आणि ४० च्या गुणाकाराने भागा. जोडलेलं आकारमान फक्त ४३ लाख बॅरल, नकाशाच्या नवव्या हिश्शाच्या आसपास. क्षेत्रफळ म्हणाल तर दोन शिवाजी पार्क. सायस्मिक खोटं नाही, उंचवटा आहेच. पण त्याचे तुकडे झालेत आणि ही विहीर त्यातल्या एका तुकड्यात बसली आहे. मात्र हा हिशेब मांडण्याआधी विहीर खरोखर पुरेसा वेळ बंद होती ना, हे बघावं. पार्यता कमी असेल तर दाब अजून चढतच असतो आणि घाईने वाचलेले ४० पीएसआय निम्मे खोटे असतात.

गेजही थापा मारतात. बराच काळ तापमानात राहिलेला गेज हळूहळू सरकतो, म्हणून एकाच खोलीवर किमान दोन ठेवतात. दोघांमधला फरक वेळेनुसार वाढत असेल तर शेवटचे तास कुणाचेच धरू नयेत. दर नीट नोंदलेला नसेल, साफसफाईच्या टप्प्यात चोक तीनदा बदलला आणि रिपोर्टात एकदाच लिहिला, तर डेरिव्हेटिव्हच्या शेवटाला हवा तो आकार येतो. आणि मुंबईच्या समुद्रात भरती-ओहोटी विसरून चालत नाही. मीटरभर पाणी चढलं की समुद्रतळावर सुमारे दीड पीएसआय वजन वाढतं आणि त्यातला काही भाग साठ्यापर्यंत पोचतो. विहीर बंद असताना शेवटी दाब तासाला पीएसआयच्या काही शतांशानेच बदलत असतो. त्यावर १२ तास २५ मिनिटांची ही लाट स्वार झाली, की डेरिव्हेटिव्हमध्ये नसलेले फॉल्ट उभे राहतात. भरतीचं कोष्टक शेजारी ठेवून ती लाट आधी वजा करायची. चौपाटीवर फिरायला जाताना जो तक्ता बघतात, तोच इथेही लागतो.

दोन्ही गोष्टी जोडताना कामाची पद्धत अशी बरी. सायस्मिकवाल्यांनी आणि टेस्टवाल्यांनी आपापलं उत्तर आधी एकमेकांना न दाखवता लिहून काढावं, चुकीच्या मर्यादेसकट. टेस्टवाल्याला फॉल्ट १४० मीटरवर आहे हे आधी कळलं तर त्याचं उत्तर १४० च्या आसपास येणारच, आणि मग तो पुरावा राहत नाही. मग सायस्मिकची भूमिती घेऊन संगणकात त्या भागाचं मॉडेल करायचं, त्याच दराने विहीर चालवायची आणि येणारा डेरिव्हेटिव्ह खऱ्याशेजारी ठेवायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाच गोष्टी एकदम हलवल्या तर कुठलाही आलेख कुठल्याही साठ्याशी जुळतो, आणि अशा जुळलेल्या मॉडेलवर खोदलेली पुढची विहीर कोरडी निघाली, तर नेमकं काय चुकलं तेही सांगता येत नाही.

पुढची टेस्ट आखायची तीही सायस्मिकवरूनच. समजा आपल्या पहिल्या विहिरीसारख्याच खडकात, नव्या विहिरीपासून २५० मीटरवर फॉल्ट आखलाय आणि तो बंद आहे का, एवढंच विचारायचंय. लाट जाऊन यायला सुमारे ३६ तास, आणि तेव्हाही डेरिव्हेटिव्ह जेमतेम १.४ पटीच्या आसपास. भरतीच्या लाटेतून आणि गेजच्या गोंगाटातून तो ओळखायचा तर विहीर तीन दिवस तरी बंद हवी, त्याआधी दोन दिवस वाहायला हवी. रिगचं भाडं रोजचं असतं. टेस्ट २४ तासांत उरकायची असेल, तर त्या फॉल्टचा प्रश्न टेस्टच्या कागदावरून आधीच खोडावा. नाहीतर २४ तासांच्या आलेखावर 'फॉल्ट दिसला नाही' असं लिहिलं जातं, आणि पुढे कुणीतरी ते 'फॉल्ट नाही' असं वाचून पलीकडे पाण्याची विहीर खोदतं.